विहीणबाईंवर तीनदा झूम

मालिकेत कोण मरणार हे मला चार दिवस आधी कळतं. नात म्हणते, "आजी, तू काय पंचांग बघतीस का?" पंचांग कशाला? मी कॅमेरा बघते. चहाच्या साध्या कपावर कॅमेरा जरा जास्त रेंगाळला की त्या कपात काहीतरी पडलं म्हणून समजायचं. घरातला खवीस म्हातारा अचानक गोड बोलायला लागला, खिडकीतून त्याच्यावर पांढरा उजेड आला आणि मागं बासरी वाजली, की त्याच्या दहाव्याच्या तयारीला लागावं. बाई देवापुढं उभी आहे आणि कॅमेरा तिच्या पाठीकडून सरकत येतोय, तर मागं नक्की कुणीतरी आहे. कॅमेरा पुढून असेल तर घाबरू नका, ती फक्त रडणार आहे.

जावई म्हणतात, "आत्याबाई, तुमच्या शेजारी बसून मालिका बघण्यात मजा नाही." खरं आहे त्यांचं. हलवायाच्या शेजारी बसून जिलेबी खावी तसं होतं ते. तो खात नाही, पाक मोजतो.

ही विद्या मला माझ्या धंद्यानं दिली. मुरूम गावी आमचा फोटो स्टुडिओ होता. मालक, म्हणजे माझे यजमान, लग्नाचे फोटो काढायचे, पुढं त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला. मी काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो कापायचे आणि गिऱ्हाइकांना "हसू नका, हसू नका" म्हणायचे. पण एका घरी हळद लागताना नवरीच्या आजीनं मालकांना दारातच अडवलं.

"बाया हळदीनं माखल्यात आन् हा बाप्या कशापायी डोळे फाडून बघाय आलाय? बायको असंल तर धाडा."

मालक लाजून लाल. घरी येऊन त्यांनी कॅमेरा माझ्या खांद्यावर ठेवला. "लाल बटण दाबायचं की चालू. परत दाबलं की बंद. एवढंच हाय." एवढंच होतं, पण मी पडले हुशार. बटण नीट दाबलं गेलं की नाही अशी शंका येऊन मी ते दोनदा दाबलं. मग कॅमेरा बंद आहे असं वाटलं तेव्हा तो चालू, आणि चालू आहे असं वाटलं तेव्हा बंद. घरी कॅसेट लावली तर हळद कुठंच नाही. बायांच्या टाचा, चपलांचा ढीग, माझ्या पदराचं टोक, आणि मागं माझाच आवाज, "बया, काय सुंदर दिसालीय नवरी!" मालकांनी कपाळावर हात मारला. ती आजी मात्र खूश. म्हणाली, "कुणाचंच तोंड न्हाय दिसत. असंच पायजे."

तेव्हापासून हळद, डोहाळजेवण, बांगड्या भरणं, सगळं माझ्याकडं आलं. मुसलमान घरांतल्या लग्नात बायकांच्या बाजूला परक्या पुरुषानं जायचं नसतं, तिथूनही मला बोलावणं येऊ लागलं. सोबत हॅलोजन धरायला माझी धाकटी जाऊ कमल. हॅलोजन म्हणजे तव्यासारखा तापणारा दिवा. तो ज्याच्या तोंडावर पडतो त्याला आपलं पाप आठवतं. कमल तो दिवा हातात घेऊन चालायला लागली की बाया दुभंगून वाट द्यायच्या.

आता मी ठेंगणी आहे हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. उभी राहिले तरी कॅमेरा लोकांच्या बरगडीपाशी. खालून काढलेला माणूस मोठा दिसतो, जबरदस्त दिसतो, हे मला मागाहून कळलं. लोकांना आधी कळलं होतं. कवठ्याकडचे एक पाटील कुणाच्या खांद्याला लागत नव्हते. माझ्या कॅसेटीत ते बुरुजासारखे दिसले. पुढं त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्याला निरोप यायचा, "ती बुटकी बाईच पाठवा."

याच सुमारास घरोघरी केबल आली आणि मालिका सुरू झाल्या. संध्याकाळी सगळं मुरूम जागच्या जागी थांबायचं. मी भाकरी थापता थापता बघायचे आणि भाकरी करपायची, कारण मी गोष्ट बघत नव्हते. सासू वाईट आहे हे ती बोलायच्या आधी मला कसं कळतं, हे मी शोधत होते. हळूहळू सापडलं. वाईट बाईचं कुंकू मोठं. ती जिन्यावर वर, चांगली सून खाली. वरून कॅमेरा सुनेवर, म्हणजे सून बिचारी. खालून कॅमेरा सासूवर, म्हणजे सासू डोंगर. कुणी काही बोललं की खोलीतल्या प्रत्येकाचं तोंड एकेकदा दाखवायचं, आणि ज्याचं तोंड तीनदा दाखवतील त्याच्या मनात काळंबेरं. मागं धडाम. मग देवघरातली समई फडफडते. आपल्या घरी समई वाऱ्यानं फडफडते. मालिकेत कुणाचं तरी नशीब फडफडतं.

हे कळल्यावर मी शहाणी व्हायला हवी होते. मी झाले दिग्दर्शक. चाळिशीला आलेली बाई, पण डोक्यात वारं शिरलेलं. नवरीला म्हणायचे, "नुसतं रडू नको. आधी दाराकडं बघ, मग बापाकडं, मग रड." एका नवरीनं विचारलं, "काकू, मला रडूच येत न्हाय, मी काय करू?" म्हटलं, "पाठ दाखव, खांदे हलव. बाकीचं मी बघते." तिची आई अजून सांगते की कॅसेटीत पोरगी फार रडली होती.

एका लग्नात नवरीचे सख्खे मामा एकाही चित्रात सापडेनात. दरवेळी ते तंबाखू थुंकायला गेलेले. मामा रुसले, पाहुण्यांत बोभाटा झाला. मग मी मामांना फेटा बांधून आमच्या परसात आणलं, भिंतीपुढं उभं केलं, हातात अक्षता दिल्या. म्हटलं, "त्या पेरूच्या झाडाकडं बघा आन् टाका." त्यांनी झाडावर अक्षता टाकल्या, डोळे पुसले. ते चित्र नवरा-नवरीच्या मध्ये जोडलं. कॅसेट बघून बहीण म्हणाली, "दादा कसा भरल्या डोळ्यानं बघालाय पोरीकडं!" पेरूकडं बघत होता. पण माणसाचं तोंड दाखवलं आणि लगेच पोरगी दाखवली की बघणारा दोन्हीला आपल्या हातानं गाठ मारतो. गाठ बघणाऱ्याचीच, आम्ही नुसते सुतळीची दोन टोकं जवळ ठेवतो.

तेव्हा या गोष्टीचं मला हसू यायचं. पुढं घाम आला.

माकणीला लग्न होतं. नवरी रेखा माकणीची, नवरदेव दिलीप आमच्या मुरूमचा. कॅसेट नवरीकडच्यांची, म्हणजे रेखाची आई शेवंताबाई हिनं सांगितलेली. शेवंताबाई म्हणजे कडक बाई. मांडवात तिनं आचाऱ्याला एकदाच नाव घेऊन हाक मारली तर भाजीत मीठ बरोबर पडलं. दिलीपची आई अनुसयाबाई मात्र उलट. इतकी गरीब की पंगतीत तिला वाढायचं राहिलं तरी ती "झालं माझं" म्हणून उठली असती.

लग्न लागल्यावर सूनमुख असतं. सासू सुनेला जवळ बसवून तिचं तोंड आरशात बघते, मग तोंडात साखर घालते. मालिकेत आरसा दिसला की माणसाला दोन तोंडं आहेत असं समजायचं, हे मला पाठ होतं. आरसा बघून मी चेकाळले. बायांच्या गराड्यातून रांगत पुढं गेले आणि जमिनीवर फतकल मारली. कमलला म्हटलं, "उजेड आरशावर मार, नवरीचं तोंड उजळू दे."

कमलनं मारला. तो उजेड आरशावरून उडाला तो थेट अनुसयाबाईंच्या डोळ्यांत. बिचारीचा एक डोळा मिटला, दुसरा वटारला, भुवया एक झाल्या, ओठ एका बाजूनं वर गेला. मी खालून बघतेय. मला काय वाटावं? तिथं शाळेतला मास्तर असता तर कान पिळला असता माझा. मला वाटलं, आलं! तोंडावर भाव आले!

उमरग्याला मिक्सिंगवाल्याकडं मी स्वतः जाऊन बसले. मिक्सिंग म्हणजे चित्रं जोडायची, मागं गाणी घालायची, बदामाच्या आकारात नवरा-नवरी फिरवायची. तो म्हणाला, "सूनमुखाला सनई टाकू?" मी म्हटलं, "सनई सगळेच टाकतेत. तू तोंडावर तीनदा झूम मार. तिसऱ्यांदा काळंपांढरं कर. मागं धडाम." शिवाय माझ्याकडं एक चित्र पडून होतं. मांडवातल्या कूलरच्या वाऱ्यानं समई विझली, ते. ते त्या तोंडाला लागून जोडलं. मिक्सिंगवाला म्हणाला, "काकू, लगीन हाय का खून?" मी म्हटलं, "तुला कला कळत न्हाय."

कॅसेट माकणीला पोचली ती ऐन नागपंचमीत. रेखा पहिल्या पंचमीला माहेरी आलेली, गल्लीतल्या पोरीबाळी फेर धरायला जमलेल्या. फेर राहिला, सगळ्या टीव्हीपुढं बसल्या. आठ दिवसांनी दिलीप बायकोला न्यायला मोटारसायकलवर गेला आणि एकटा परत आला. घरी न जाता सरळ आमच्या स्टुडिओत. अंगावर लग्नातलाच शर्ट.

"काकू, तुमी कॅसेटीत काय दाखवलं?"

"कामून रे? चांगली झाली ना?"

"सासूबाई म्हणतेत, रेखाला धाडत न्हाय. तुझी माय कशी हाय ते आमी डोळ्यानं बघितलंय. नवरीचं तोंड बघून असं तोंड करती, आन् लगीच देवापुढचा दिवा इझला." त्यानं मोटारसायकलची किल्ली काउंटरवर ठेवली. "माय घरात बसून रडालीय. म्हणती, मी काय केलं? तिला ठाऊकच न्हाय तिनं काय केलं."

"आन् रेखा काय म्हणती?"

"ती दाराआडून बघत होती. म्हणली, मला यायचंय. तिच्या आईनं दार लावलं."

मालकांनी फक्त ट्रायपॉडची धूळ पुसली, आणि ते मला चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं. कमल मात्र बोलली. "जाऊबाई, कला तुमची, दिवा माझ्या हातात. माकणीला गेल्यावर पयला मार मला बसंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एस.टी.नं माकणीला गेलो. कॅमेरा, हॅलोजन, वायरची भेंडोळी. मनात विचार एकच, जाऊन खरं सांगायचं. सांगितलंही. उजेड आरशावर पडला, तिथून डोळ्यांत गेला, धडाम तर मिक्सिंगवाल्याच्या मशीनमध्ये असतं, समई दुसऱ्याच वेळची. शेवंताबाई सूप घेऊन तूर पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाई, तुमी मुरूमच्या, ती मुरूमची. तुमी तिचीच बाजू घेणार. आमी सगळ्यांनी बघितलंय. तीनदा बघितलंय."

"तीनदा मीच दाखवलंय हो!"

"पयल्यांदा चुकून झालं म्हणू. तीन-तीनदा कुणी चुकून बघतंय का?"

दारात शेजारणी जमल्या होत्या. आतल्या चौकटीत रेखा, हातातला चुडा अजून नवाकोरा. ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मीही तिच्याकडं. एवढ्या वर्षांत मी कुणाचं तोंड नुसतं, काही न करता, इतका वेळ बघितलं नव्हतं. तिला नांदायचं होतं, आणि ती माझ्या धडामपायी अडकली होती.

मग मला पेरूकडं बघणारे मामा आठवले.

"बरं," मी म्हटलं, "जाताना तुमची माय-लेकींची एक आठवण कॅमेऱ्यात काढून देते. पंचमीची. आरशात लेकीचं तोंड बघा, सूनमुखासारखं. फुकट."

फुकट म्हटल्यावर सूप बाजूला झालं. शेवंताबाईनं पदर नीट केला, रेखाला जवळ घेतलं, आरसा हातात धरला. मी जमिनीवर फतकल मारली. कमलला डोळ्यानं खुणावलं. तिनं उजेड आरशावर मारला. तेच झालं. एक डोळा मिटला, दुसरा वटारला, ओठ वर. अनुसयाबाई गरीब तरी होती. शेवंताबाईचं तोंड तर असं झालं की कमलच्या हातातला दिवा हलला.

कॅमेऱ्याची वायर त्यांच्या टीव्हीला जोडली. ते तोंड आलं. मी मागं नेऊन परत लावलं. परत मागं, परत लावलं. आणि तिसऱ्यांदा कमलनं चुलीपुढची परात उचलून तिच्यावर उलथनं हाणलं. धडाम!

शेजारणींत एक काशीबाई होती, गल्लीचं वर्तमानपत्र. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "आगं बया बया! शेवंता, पोटच्या पोरीकडं आशी बघालीस?"

"मी कुठं बघितलं आशी?" शेवंताबाई कडाडली. "माझ्या डोळ्यात उजेड गेला!"

आणि मग ती थांबली.

टीव्हीवर तिचा डोळा तसाच वटारलेला. कमल परात पोटाशी धरून उभी. शेवंताबाईनं टीव्हीकडं बघितलं, हॅलोजनकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. रेखा तोंडात पदराचा बोळा घालून हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आसं व्हय," शेवंताबाई हळू म्हणाली.

पण हरली असं दिसू देईल ती शेवंता कसली? ती माझ्याकडं वळली. "तुमाला लाज वाटती का न्हाय? आख्ख्या गावाला माझं तोंड आसं दाखवायलाव! बंद करा ते. आन् रेखे, उभी काय ऱ्हायलीस? तुझ्या सासूला शेंगाच्या पोळ्या आवडतेत का इचारलं का कधी? चल, दाणे भाज."

दिलीप दुसऱ्या दिवशी न्यायला गेला. मोटारसायकलवर मध्ये पोळ्यांचा डबा, त्यामुळं नवरा-बायकोत अंतर होतं, पण माझ्या माहितीप्रमाणं ते मुरूमच्या वेशीपर्यंतच टिकलं.

माकणीहून जुनी कॅसेट मी परत आणली होती, तिच्याऐवजी नवी जोडून घेतली. सनई घातली, झूम काढले, समई काढली. अनुसयाबाईंच्या तोंडानंतर रेखाचं हसू ठेवलं, तर तेच तोंड आता माया अनावर झाल्यासारखं दिसायला लागलं. मिक्सिंगवाला म्हणाला, "काकू, आता लगीन वाटालंय." ती घेऊन मी अनुसयाबाईंच्या घरी माफी मागायला गेले. त्यांनी मला पाटावर बसवलं, चहा दिला, रेखा आत गेल्याचं बघितलं आणि कानाशी आल्या.

"बाई, ती पयली कॅसेट हाय का?"

"जाळून टाकते, काळजी करू नका."

"आगं न्हाय!" त्यांनी माझा हात धरला. "जाळू नका. त्या कॅसेटीचं गल्लीत समद्यांना कळलंय. काल दूधवाल्यानं पाणी न घालता दूध दिलं. आमचे मालक लग्न झाल्यापासून मला 'ए' म्हणतेत. काल म्हणले, 'अनुसया, जेवायला वाढतीस का?' नावानं." त्यांचा चेहरा फुलला. "नवी त्यांना द्या. जुनी मला आसू द्या."

मी ती त्यांना दिली. त्यांनी ती कपाटात लुगड्यांच्या घडीखाली ठेवली. माझ्या उभ्या आयुष्यात कुणी माझ्या कलेची इतकी किंमत केली नाही.

त्या दिवसानंतर माझं दिग्दर्शन उतरलं. एकदम नाही, सवयी कुठं एकदम जातात? बदाम आणि चित्राच्या कडेनं पोहणारे हंस चालूच राहिले, लोकांना ते हवेच असायचे. त्याचं मात्र वाईट वाटतं. पुढं एका घरचे लोक आले, त्यांची म्हातारी वारली होती, भिंतीवर लावायला तिचा एक चेहरा हवा होता. आम्ही लग्नाची सगळी कॅसेट बघितली. म्हातारी होती, पण बदामात गरगर फिरत होती. एक क्षण स्थिर नाही. मालकांनी शेवटी तिच्या रेशनकार्डावरच्या फोटोवरून काम भागवलं. मी तेव्हा लाल बटण दाबून नुसती तिच्यापुढं बसले असते, आणि तिला बदामात घातलं नसतं तर, असं अजून वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात रेखाच्या थोरल्या मुलाचं लग्न झालं, तुळजापूरला. मला मानाचं बोलावणं होतं. आता काय, आकाशात ड्रोन भुणभुणतोय, चार पोरं चार बाजूंनी, लग्नाआधीच नवरा-नवरी धरणावर पळतानाचं शूटिंग करून आलेली. अनुसयाबाई खुर्चीत बसलेल्या, ऐकू कमी येतं, पण सगळी सुनापोरं त्यांना विचारल्याशिवाय ताटाला हात लावत नव्हती. त्यांचा धाक अजून टिकून आहे. बाईनं आयुष्यात कुणाला टाकून बोललेलं मी ऐकलेलं नाही.

सूनमुखाची वेळ झाली. नवी सून चुणचुणीत, शहरात नोकरी करणारी, सगळ्या मांडवाला सूचना देत फिरणारी. रेखा आरसा घेऊन बसली. शूटिंगवाला पोरगा स्टुलावर चढून वरून कॅमेरा धरायला लागला. रेखानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, डोळे भरून आले असतील, जुनं आठवलं असेल.

"काकू," ती कानात म्हणाली, "त्या पोराला सांगा ना, खाली बसून घे म्हणावं. आन् उजेड आरशावर."

मी त्या पोराला स्टुलावरून उतरवलं.